जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सांगलीतल्या आमच्या घरी कोर टू ड्युओ प्रोसेसरचा, ४ जीबी मेमरीचा जुना डेस्कटॉप आहे. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार होते आणि विंडोज ११ च्या अटींत हे यंत्र बसत नव्हते, म्हणून त्यावर लिनक्स मिंट २२ या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत कार्यप्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टिमची) एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवली. या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. सोसायटीची इतिवृत्ते, पत्रव्यवहार आणि घरचे सगळे काम आता त्यावरच चालते.

बसवण्याचे काम नवख्यालाही जमण्यासारखे आहे. मिंटची आयएसओ फाइल (संपूर्ण कार्यप्रणाली असलेली एकच फाइल) विंडोजवरच्या रूफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर उतरवून त्यावरूनच संगणक सुरू करता येतो आणि हार्डडिस्कला हात लावण्याआधी आवाज, वायफाय, प्रिंटर तपासून पाहता येतात. वायफाय सापडले नाही, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे आणि मिंटमधल्या ड्रायव्हर मॅनेजरमधून हवा तो ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) घ्यावा.

वेगाचे सगळे श्रेय मात्र मी मिंटला देणार नाही. मेमरी कमी खर्च होते हे खरे. पण सुरू होण्यातली रटाळ दिरंगाई गेली ती जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्यावरच. ब्राउझरमध्ये बरीच पाने एकदम उघडली, तर संगणक अजूनही अडखळतो.

माझ्या दृष्टीने खरी परीक्षा मराठी टायपिंगची होती, आणि तिथे मी पूर्ण समाधानी आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीची इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली प्रमाण) मांडणी जोडली की वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. शिफ्ट धरून एन दाबला की ‘ळ’ येतो. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ हवा असेल, तर शिफ्टसह जे, मग डी आणि शेवटी तिरकी रेघ. साध्या ‘र’पासून सुरुवात केली, तर तिथे रफार उमटतो, एवढे ध्यानात ठेवावे. युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची एकसमान संकेतपद्धती) येण्यापूर्वीच्या फॉन्टमधली आमची जुनी इतिवृत्ते लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रॅममध्ये रोमन अक्षरांची खिचडी होऊन उघडली. त्या फॉन्टची फाइल या संगणकावर बसवताच ती पुन्हा मराठीत वाचता आली.

लेझर प्रिंटरने मात्र मनस्ताप दिला. ड्रायव्हर बसला, तरी छपाई मध्येच अडकते, आणि त्यावर समाधानकारक उपाय अजून मिळालेला नाही. टॅली हा हिशेबाचा प्रोग्रॅम किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन (यूएसबीला जोडायचे छोटे उपकरण) ज्यांना रोज लागते, अशा मार्केट यार्डातल्या अडत्यांनी कामाच्या संगणकावरचे विंडोज घाईने काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांचे काम लेखन, ईमेल आणि मुलांचा अभ्यास एवढेच आहे, त्यांनी मिंट अवश्य बसवावे आणि पहिल्याच दिवशी त्यातले टाइमशिफ्ट हे साधन सुरू करावे. एखाद्या अपडेटनंतर काही बिघडले, तर त्याने आधीची व्यवस्था परत आणता येते; मात्र आपली कागदपत्रे आणि फोटो ते आपणहून जपत नाही, त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावीच लागते.