एक्स्टेन्शन ट्यूब नऊ महिने वापरल्यावर

मृगाच्या तोंडावर १,९०० रुपयांत १३, २१ आणि ३१ मिमीच्या तीन रिंगांचा सेट मागवला, त्याला आता नऊ महिने झाले. मॅक्रोचा, म्हणजे बारीक जिवांचे अगदी जवळून फोटो काढायचा नाद असणाऱ्यांना या रिंगा काय असतात ते सांगायला नको; बाकीच्यांसाठी, कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये त्या बसवल्या की जवळची वस्तू मोठी टिपता येते. आत काच नाही, नुसती पोकळ नळी; ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, कॅमेऱ्यातून चालावं म्हणून सोनेरी पिना तेवढ्या दिलेल्या. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण विकणाऱ्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

खरी १०० मिमीची मॅक्रो लेन्स घ्यायची इच्छा होतीच. पण तेवढ्या पैशांत बगीच्यातलं जुनं ठिबक बदलता येतं, आणि वरुड तालुक्यात संत्र्यावर घर चालवणाऱ्या माणसाला यातलं आधी काय करायचं हे विचारावं लागत नाही. ठिबक बदललं, रिंगा घेतल्या.

पहिले पंधरा दिवस मी फार खूश होतो. पहिला पाऊस पडला, धुऱ्यावर मृगाचे किडे निघाले. लहानपणी आम्ही ते तळहातावर घेऊन फिरायचो. ५० मिमीच्या लेन्सला ३१ ची रिंग लावून पाहिलं तर त्या मखमलीचा एकेक केस सुटा दिसला. पाय मोजले तर आठ! म्हणजे हा किडा नाहीच, कोळ्याच्या गोतातला. पुस्तकात वाचलं होतं, पण फोटो मोठा करून स्वतः मोजले तो आनंद वेगळा. त्या रात्री घरातल्या प्रत्येकाला बोलावून ते आठ पाय दाखवले.

मग त्या पिनेनं सगळ्यावर पाणी फेरलं.

रिंग जागेवर अडकवून धरणारी एक बारीक लॉक-पिन असते. बटण दाबलं की ती आत जाते, सोडलं की स्प्रिंगच्या जोरावर वर येते. माझ्या सेटमधल्या तिन्ही पिनांच्या स्प्रिंगा नरम. पिन पूर्ण वर यायचीच नाही. फोकस रिंग फिरवायला गेलं की लेन्सबरोबर नळीही किंचित फिरायची, संपर्क तुटायचा, आणि कॅमेऱ्यावर एरर. चतुर काडीवर बसलेला, ऊन बरोबर त्याच्या पंखातून आलेलं, तुम्ही गुडघ्यावर, श्वास रोखलेला, आणि शटर पडत नाही. बॅटरी काढा, घाला, तोवर चतुर पाटापलीकडे. जुलैत असे किती फोटो गेले ते मोजायचं मी सोडून दिलं.

ऑगस्टमध्ये ३१ ची रिंग पूर्ण फिरली आणि लेन्स सरळ झाडाच्या आळ्यात पडली. रात्रभर पाऊस झालेला, आळ्यात काळा चिखल. लेन्स वाचली, पण पुढचा फिल्टरचा आटा चेपला. आजही फिल्टर बसत नाही.

विकणाऱ्याला फोन केला. पिनेचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "सर, हे फिजिकल डॅमेजमध्ये येतं." मी म्हटलं, अहो, डॅमेज तुमच्या पिनेमुळे झालं, पिन डॅमेजमुळे बिघडली नाही. सहा फोन, चार मेल. शेवटी म्हणे, वस्तू नागपूरच्या सेंटरला आणून द्या, तपासू. नागपूर इथून शंभर किलोमीटरच्या आसपास. एक दिवस मोडायचा, येण्याजाण्याचा खर्च करायचा, आणि नळी १,९०० ची. नाही गेलो. पण माझ्या मनातून तो राग गेलेला नाही.

तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर "घेऊ नका" एवढंच लिहिलं असतं. मत बदललं ते वरुडच्या घड्याळ दुरुस्तीवाल्या काकांमुळे. भिंतीचं घड्याळ घेऊन गेलो होतो, रिंगा सहज पिशवीत होत्या. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, चार स्क्रू काढले आणि म्हणाले, "भाऊ, हे स्प्रिंगच नरम हाय जी. अन् या पत्त्या पायजे तशा उचललेल्या नाईत, म्हून हालून राह्यलं." जुन्या लायटरमधली स्प्रिंग कापून त्यांनी पिनेखाली बसवली, माउंटच्या आतल्या चपट्या पत्त्या चिमट्यानं किंचित वर केल्या. २१ आणि ३१ अशा दोन रिंगा, साठ रुपये. तिसरीला बसेल अशी स्प्रिंग त्या दिवशी नव्हती. तेव्हापासून या दोन रिंगांवर एकदाही एरर आलेली नाही.

या हलण्याबद्दल एवढं का लिहितो? तिन्ही रिंगा, मिळून ६५ मिमी, ५० मिमीच्या लेन्सवर चढवल्या की वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराच्या सव्वापटीहून थोडी मोठी येते. एफ/८ ला (हा ॲपर्चरचा आकडा; आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) तिथे स्पष्ट दिसणारी जाडी अर्धा मिलिमीटरही नसते. जोडात ढिलाई असली की लेन्स तेवढी सहज झुकते. डोळ्यावर धरलेला फोकस मिशीवर जातो. ॲपर्चर आणखी बंद करून सुटका नाही, कारण एवढ्या मोठेपणावर एफ/११ हे प्रत्यक्षात एफ/२५ सारखं वागतं. अंधार वाढतो आणि विवर्तनानं, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्यानं, सगळंच मऊ पडतं. म्हणून आता बहुतेक वेळा २१ अधिक ३१ एवढंच लावतो. खऱ्या आकारापर्यंत जातं, आणि किडा व लेन्स यांच्यात उजेड शिरायला जागा राहते. फोकस हाताने पक्का करून अंग मागेपुढे झुलवायचं, हे सगळे करतात तसंच.

उजेडासाठी दिवाळीत जुना फ्लॅश घेतला. नव्या टीव्हीच्या खोक्यातलं पांढरं फोम वाकवून पुढे बांधलं. लहान किड्यांच्या पाठीवरची चमक निम्म्यानं मरते. रिंगांच्या आधी फ्लॅश घ्यायला हवा होता, एवढं मात्र आता ठाम वाटतं.

खरं फळ मिळालं जानेवारी-फेब्रुवारीत, आंबिया बहाराच्या नवतीवर, म्हणजे नव्या कोवळ्या फुटीवर. कोवळ्या शेंड्यांवर सायला या रस शोषणाऱ्या किडीची पिल्लं, त्यांच्या अंगातून निघालेले पांढरे वळलेले मेणाचे धागे. प्रौढ सायला तीन-चार मिलिमीटरचा, डोकं खाली आणि मागची बाजू वर करून बसतो. हाच संत्र्याची झाडं खंगवणारा ग्रीनिंग रोग पसरवतो, म्हणून दिसला की हात फवारणीच्या पंपाकडे जातो. पण एका शेंड्यावरची काही पिल्लं तपकिरी, कडक होऊन चिकटलेली होती. फोटो मोठा केला. पाठीवर, डोक्याजवळ, गोल छिद्र. टॅमॅरिक्सिया नावाची मिलिमीटरभर लांबीची गांधीलमाशी पिल्लाच्या पोटाखाली अंडं घालते, तिची अळी त्याला बाहेरून शोषून संपवते आणि नवी माशी ते छिद्र पाडून निघून जाते. आमच्याच झाडावर हे काम कोणी न सांगता चाललं होतं. पलीकडच्या पानावर क्रायसोपा या दुसऱ्या मित्रकिडीची अंडी, प्रत्येक अंडं केसाएवढ्या देठावर उभं.

बाबांना पडद्यावर दाखवलं. बराच वेळ बघत राहिले. "कोणती झाडं?" एवढंच विचारलं. ती अकरा झाडं त्यांनी फवारणीतून सोडली. मी दर दोन दिवसांनी त्याच फांद्यांचे फोटो घेतो आहे. छिद्रं पडलेली पिल्लं वाढताना दिसतात.

ती माशी मात्र अजून फोटोत आलेली नाही. एवढ्या बारीक जिवाला तिन्ही रिंगा लागतात, आणि १३ ची पिन अजून नरमच आहे. बाजाराच्या दिवशी ती काकांकडे टाकतो. नवती कडक व्हायच्या आत मिळाली पाहिजे.