आठ महिने व्हिडिओवर जलरंग शिकवताना

कोल्हापुरात माझ्या टेबलावर फोन आणि पलीकडे गगनबावडा तालुक्यातल्या एका शाळेची नऊ मुलं. जुलैपासून दर शनिवारी सकाळी असे भेटतोय. निमित्त इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेचं होतं; परीक्षा झाली तरी मुलं थांबली नाहीत. कुणी असं काही सुरू करणार असेल, तर माझा अनुभव सांगतो.

पहिला महिनाभर कॅमेरा माझ्या तोंडाकडे होता. मुलांना तोंड नको, हात बघायचा असतो. फोन स्टँडला अडकवून थेट कागदाच्या वर आणला, खिडकी डाव्या हाताला घेतली, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. तिकडे एकच फोन. बाई तो एकेकाच्या कागदावर धरतात.

रंगाचा निवाडा मात्र व्हिडिओवर करूच नका. फोन आपला आपण उजेड कमीजास्त करतो, कोरा कागदही राखाडी दिसतो. एका मुलीला मी म्हणालो, "आकाश मळलंय." दुपारी उन्हात काढलेला फोटो आला, तर आकाश स्वच्छ निळं! पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. आता रंगाबद्दल बोलायचं ते फोटो बघून, तोही शेजारी कोरा कागद ठेवून काढलेला. मीटिंगमध्ये फक्त रेषा, रचना आणि फिकट-गडद.

सगळ्यात अवघड पाणी. "पाच मिनिटांत वाळेल, मग रंगाचा दुसरा हात द्या," असं मी सांगायचो. माझ्या खोलीत वाळायचं. तिकडे पावसाची झड. "सर, अजून ओलंच आहे," अर्ध्या तासाने आवाज यायचा. ज्यांनी घाई केली त्यांच्या डोंगरावर पाण्याचे डाग फुटले. मग घड्याळ सोडलं. कागद तिरका धरा, चकाकी गेली का बघा. बोटांची मागची बाजू हलकेच टेकवा, गार लागलं तर थांबा. एवढं शिकल्यावर मुलं मला विचारेनाशी झाली, याचा फार आनंद झाला.

रेंज जाते, मीटिंग मध्येच तुटते. त्याचं काही वाटत नाही.

जानेवारीत पहिल्यांदा शाळेत गेलो. ब्रश हातात घेतले, तर एकालाही टोक नव्हतं, केस पार फिसकारलेले. सहा महिने मी "टोकाने ओढा" म्हणत होतो आणि मुलं बिचारी ओढत होती. हे कुठल्याच कॅमेऱ्यात दिसलं नव्हतं. तुम्ही सुरू कराल, तर पहिल्याच आठवड्यात जाऊन या. पुढच्या खेपेला मी सहा नंबरचे नऊ गोल ब्रश नेले.