आठवडाभर हातात असलेली 70-200 एफ 2.8

मावसभाऊ लग्नाचे फोटो काढतो, त्याच्याकडची कॅननची 70-200 एफ 2.8 एल आयएस, म्हणजे 70 ते 200 मिलिमीटरची मोठी झूम लेन्स, दुसरी आवृत्ती, 2010 साली आलेली, ती मी आठवड्यासाठी मागून घेतली होती. देताना म्हणाला, "सांभाळ गं, हूड, ते पुढचं काळं नळकांडं, काढू नकोस आणि उचलताना कॅमेऱ्याला धरायचं नाही, लेन्सला धरायचं." ते का म्हणाला हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. लेन्स जवळपास दीड किलोची आहे, 1490 ग्रॅम. माझी नेहमीची 55-250 लेन्स चारशे ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे जवळजवळ चार पट वजन. कॅमेरा गळ्यात अडकवून लेन्स लोंबकळत ठेवली तर सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते तिथे, येतो, म्हणून पट्टा कॉलरला (लेन्सभोवतीच्या कड्याला) लावायचा आणि डावा हात कायम लेन्सखाली.

माझी बॉडी, म्हणजे कॅमेरा, क्रॉप सेन्सरवाली, 1.6 पट लहान सेन्सरची, त्यामुळे 70-200 चा व्ह्यू मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवरच्या 112 ते 320 सारखा मिळतो. घरात पोर्ट्रेट काढायला 70 सुद्धा जरा जवळचं वाटतं, मागे भिंत लागेपर्यंत सरकावं लागतं, हे आधीच सांगून ठेवते.

खरी परीक्षा भाचीच्या बॅडमिंटन मॅचला झाली. इनडोअर हॉल, वर ट्यूबलाइट, डोळ्यांना भरपूर उजेड वाटतो पण कॅमेऱ्याला अजिबात नाही. माझ्या लेन्सचं त्या झूमला ॲपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र, आकडा लहान तेवढं ते मोठं) 5.6 च्या पुढे उघडत नाही, त्यामुळे आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 6400 ला नेऊन सुद्धा शटर 1/250 सेकंदाच्या वर जात नव्हतं, आणि तेवढ्या स्पीडला पोरीचा हात, रॅकेट सगळं पुसट. 2.8 म्हणजे दोन स्टॉप जास्त, एका स्टॉपला उजेड दुप्पट, म्हणजे चौपट उजेड, तर मी एक स्टॉप स्पीडला दिला आणि एक आयएसओला, 1/500 आणि 3200. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडलं तर नेटजवळ शटल उचलतानाच्या एका फोटोत शटलचं पीस न् पीस वेगळं दिसत होतं आणि तिच्या कपाळाला घामाने चिकटलेली एक बट. मी तो फोटो किती वेळ बघत बसले काय सांगू. आधीच्या मॅचचे दोनशे फोटो आहेत माझ्याकडे आणि त्यातल्या एकातही तिचा चेहरा असा आलेला नाही.

सगळे या लेन्सचं कौतुक मागचं ब्लर होतं म्हणून करतात, ते होतंच, पण मला विचाराल तर हिची खरी किंमत फोकसमध्ये आहे. फोटो कितीच्या ॲपर्चरला काढायचा ते काहीही असो, कॅमेरा फोकस करतो तो लेन्स पूर्ण उघडी ठेवून, त्यामुळे 2.8 च्या लेन्समधून व्ह्यूफाइंडर तर उजळ दिसतोच आणि फोकस सिस्टिमला पण जास्त उजेड मिळतो, शिवाय बऱ्याच बॉडींमध्ये मधला फोकस पॉइंट 2.8 च्या लेन्सला जास्त अचूक चालतो. माझी लेन्स त्या हॉलमध्ये पुढे-मागे शोधत राहायची, ही टक करून बसते. बाजूला एक स्विच आहे, त्याने फोकस अडीच मीटरपासून पुढेच शोधायला सांगता येतं, मॅचला तो तसाच ठेवा, मध्ये कोणी आडवं गेलं तरी फार भरकटत नाही.

स्टॅबिलायझर, म्हणजे नावातलं आयएस, चांगला आहे, 200 ला 1/60 वर हातात धरून मला साफ फोटो मिळाले, पण तो आपला हात सांभाळतो, पळणारा माणूस थांबवत नाही, त्यामुळे मॅचला त्याचा फार उपयोग नाही. त्याचा मोड 2 पॅनिंगसाठी, म्हणजे पळणाऱ्या गोष्टीबरोबर कॅमेरा फिरवत काढायला, एक-दोन सायकलवाल्यांवर करून पाहिला, बरा जमला.

आणि आता आईचा फोटो. खिडकीशी बसून ती निवडणं करत होती, मी साधारण तीन मीटरवरून 200 ला, 2.8 ला काढला. एवढ्या अंतरावर शार्प पट्टा जेमतेम अडीच सेंटीमीटरचा असतो. पहिल्या सात-आठ फोटोंत चष्म्याची फ्रेम कडक आणि डोळे किंचित मऊ, कारण पॉइंट फ्रेमवर बसत होता. मग 4 ला नेलं, पॉइंट जवळच्या डोळ्यावर ठेवला, आणि पापण्या, भुवईतले पांढरे केस, चष्म्यात खिडकीचं प्रतिबिंब, सगळं आलं. म्हणून सांगते, 2.8 आहे म्हणून प्रत्येक फोटो 2.8 लाच काढायचा हट्ट नको.

लेन्सने न सुटलेली गोष्ट म्हणजे हॉलमधले दिवे. बर्स्टमध्ये, म्हणजे बटण दाबून धरून ओळीने काढताना, एक फोटो पिवळट, पुढचा अंधारा, असं होतं कारण ट्यूब विजेबरोबर लुकलुकते आणि शटर फास्ट केलं की ते पकडलं जातं. कितीही महाग काच लावा, हे राहणारच. आणि 3200 चा नॉइज, तो दाणेदारपणा, माझ्या बॉडीचा आहे, तो तसाच दिसतो.

विकत घ्यावी का? रोज इनडोअर खेळ किंवा कार्यक्रम काढत असाल तर सेकंडहँड चांगली मिळाली तर डोळे झाकून घ्या. दिवसा बाहेर फिरून फोटो काढणाऱ्यांनी एफ 4 वाली आयएस बघावी, 760 ग्रॅम, निम्म्या वजनात. तीन तास ही हातात धरल्यावर माझं मनगट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुखत होतं, ट्रेकला तर मी ही नेणार नाही. मी स्वतः आधी 85 एफ 1.8 घ्यायचा विचार करतेय, झूम नाही पण कोर्टच्या कडेला बसायला मिळतं तिथे चालेल आणि उजेड हिच्यापेक्षाही जास्त.

परत देताना दोन्ही कॅप, हूड, कॉलर सगळं मोजून दिलं, आणि भाचीची पुढची मॅच कधी आहे ते दादाला आत्ताच सांगून ठेवलंय.