हॉर्नबी रोड की काळबादेवी? एकांकिकेत १९०८ची मुंबई उभी करताना

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मुंबईवर एकांकिका लिहायची, त्यात बाजारातला एक प्रसंग हवा, असं ठरलं की दोन रस्ते आपसूक समोर येतात. फोर्टातला हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रोड, आणि दुसरा काळबादेवी. मी एकच प्रसंग दोन्हीकडे लिहून आणि तालमीत उभा करून पाहिला, म्हणून हे सांगायचं धाडस. प्रसंग साधाच. गिरगावातला एक कारकून धाकट्या बहिणीच्या पहिल्या मंगळागौरीसाठी लुगडं घ्यायला निघतो. खिशात पैसे मोजकेच.

पहिला मसुदा अर्थात हॉर्नबी रोडचा. नेपथ्याच्या दृष्टीने हा रस्ता म्हणजे आयतं ताट. १८९६च्या नियमाने इथल्या इमारतींना तळमजल्यावर कमानींचा सलग व्हरांडा ठेवावा लागला; त्यामुळे वर कोणी गॉथिक बांधो नाहीतर आणखी काही, खाली चालणाऱ्याला रस्ता एकच वाटतो. प्लायच्या दोन कमानी उभ्या केल्या, मागून पिवळा प्रकाश सोडला की प्रेक्षक फोर्टात पोचतो. मी भर जुलैत बोरीबंदरापासून फाउंटनपर्यंत मुद्दाम चालून आलो, तर बराचसा रस्ता छत्री मिटूनच पार पडला. कारकून पावसातून धावत आत शिरतो हा प्रवेश तिथेच सुचला आणि तो अजूनही मला आवडतो. ट्रामची घंटाही वाजवता येते; फक्त विजेची ट्राम ७ मे १९०७ला सुरू झाली, त्याआधीचा काळ असेल तर विजेची ट्राम आणू नका. परीक्षकांत अशी चूक पकडणारा एखादा निघतोच.

काळबादेवीचं नेपथ्य त्या मानाने काहीच नाही. गादी, तक्के, मागे कापडाचे तागे. संपलं. तिथेही मी पाहणीला गेलो होतो, पण वर मान करून एक सज्जा नीट बघता आला असेल तर शपथ. ‘बाजू, बाजू’ करत हातगाडी अंगावर येते आणि आपण भिंतीला चिकटतो. शंभर वर्षांत यात फारसा फरक पडला नसावा, हा आपला माझा अंदाज.

तर दिसण्यात हॉर्नबी रोड पुढे. घोडं अडलं ते तालमीत.

मी कारकुनाला व्हाइटअवे लेडलॉसारख्या मोठ्या गोऱ्या दुकानात पाठवला होता. (प्रत्यक्षात तिथे लुगडं मिळालं नसतं, म्हणून बहिणीसाठी विलायती शाल केली. पहिली तडजोड.) ही दुकानं एकभावी, म्हणजे ठरलेला भाव, घासाघीस नाही. व्हाइटअवेचा व्यवहार तर असा रोखीचा, की लोक तिच्या नावाची ‘राइट-अवे अँड पेड-फॉर’, म्हणजे ‘जागच्या जागी पैसे मोजा’, अशी थट्टा करायचे. आता सांगा, किमतीची चिठ्ठी लावलेल्या शालीपुढे उभा राहून माणूस बोलणार काय? ‘ही दाखवा.’ ‘ही घ्या.’ ‘बरं.’ प्रसंग तिसऱ्या वाक्याला संपला. मग मी त्याला स्वगत दिलं, ते दोनदा वाढवलं, एकदा तर काउंटरवरच्या घंटीशी बोलायला लावलं. आमचा नट बिचारा सोशिक, पण दिग्दर्शक शेवटी वैतागला, ‘याला कोणीतरी बोलायला माणूस द्या हो!’ चार तालमी त्यात गेल्या. तुमच्या हाताला याहून चांगलं काही लागेलही. मला नाही लागलं.

काळबादेवीच्या गादीवर त्याला बसवलं आणि लिहिताना हातच थांबेना. शेठ आधी पाणी विचारतो, मग गाव विचारतो, मग मुनिमाला वरचा माल काढायला सांगतो. कारकून म्हणतो, एवढा भारी नको. शेठ म्हणतो, घेऊ नका, बघा तर खरं. भाव सांगितला जातो, हा उठतो, चप्पल शोधतो, मागून हाक येते. आणा-दोन आण्यांच्या ओढाताणीत त्याची नोकरी, त्याच्या वडिलांचं कर्ज, बहिणीचं सासर सगळं बाहेर आलं; मला वेगळं काही सांगावंच लागलं नाही. अडचण एकच, शेठची भाषा. गुजराती वळणाची मराठी लिहिताना दोन ठिकाणी विनोदी पात्र होऊन बसलं, ते कापावं लागलं. गंमत म्हणजे मोत्यांच्या व्यवहारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव करत. तोही मुकाच सौदा, पण काळबादेवीलगतच्या झवेरी बाजाराचा तेवढा तुकडा रंगमंचावर काय रंगतो!

शिवाय १९०८ म्हटलं की जुलै आलाच. २२ जुलैला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, गिरण्या सहा दिवस संपावर गेल्या आणि कापडबाजारही बंद राहिला. श्रावण तोंडावर. आमचा कारकून विसार देऊन गेलाय, उरलेले पैसे घेऊन येतो तर दुकानाला कुलूप. हा शेवट मला शोधावा लागला नाही, रस्त्यानेच दिला.

तुमचा नायक पारशी बॅरिस्टर किंवा कचेरीतला साहेब असेल तर खुशाल हॉर्नबी रोड घ्या, कदाचित तुमचंच बरोबर ठरेल. ज्या व्हाइटअवेने विलायती माल विकला, तिच्याच इमारतीत पुढे खादी भांडार आलं, यावर तर एक स्वतंत्र एकांकिका व्हावी.

आमच्या कमानींपैकी एक ठेवलीय. पहिल्या प्रवेशात कारकून तिच्याखाली पाऊस थांबायची वाट बघतो, काचेपलीकडच्या शालीची चिठ्ठी वाचतो आणि छत्री उघडून काळबादेवीच्या दिशेने चालू लागतो.