ईस्टरला घरचे बन: नवीन ओटीजी कसा वाटला

गुड फ्रायडेच्या आधी नाशिकच्या शरणपूर रोडवरनं २८ लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) घेतला आणि खरं सांगते, पैसे वसूल. आमच्याकडे उपवास सोडायला हॉट क्रॉस बन लागतातच, वरची क्रॉसची रेघ मैदा-पाण्याची, ती आई स्वतः कोनने ओढते आणि ओढताना ओठातल्या ओठात प्रार्थना चालू असते, आत आपल्या नाशिकचेच बेदाणे. अर्धा किलो मैद्याला ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट बास होतं, उकाड्यात पीठ पटकन फुगतं त्यामुळे लक्ष ठेवा. १९० डिग्री, दोन्ही रॉड चालू, वीसेक मिनिटं, वरून तांबूस आणि आत एकदम लुसलुशीत.

तक्रार एकच, मागच्या बाजूला आच जास्त, तिकडचे बन आधी करपायला लागतात म्हणून ट्रे मध्येच फिरवावा लागतो, मॅन्युअलमध्ये यावर अक्षरही नाही. टायमरची घंटी मात्र खणखणीत.

शनिवारी रात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायच्या आधी केकपण झाला, रविवारी काका-काकू, पोरंटोरं सगळे जेवायला, केक लगेच फस्त. मार्झिपॅनची (बदाम-साखरेच्या मिठाईची) अंडी विकतचीच आणली. मोठं कुटुंब असेल तर यापेक्षा लहान साईज घेऊ नका, आणि १० मिनिटं प्रीहीट कराच.