टँकमधले खडे काढून वाळू घालताना: नेरुळच्या एका घराची फसवणूक

नेरुळमधल्या एका घरी माशांचा तीन फुटी टँक दोन वर्षं सुरळीत चालला होता. त्यात निऑन टेट्रा, एक गोरामीची जोडी आणि तळाशी सहा कोरी (कोरिडोरास, तळावर खाद्य शोधणारे छोटे मिशाळ मासे) होते. धारदार खड्यांवर चरताना कोरीच्या मिशा झिजतात, म्हणून खडे काढून वाळू घालायचं घरच्यांनी ठरवलं. ठरवलं ते योग्यच होतं. घरी येऊन टँक साफ करून देणाऱ्याने ‘इंपोर्टेड वाळू’ १२० रुपये किलोने ३० किलो दिली, वर १,५०० रुपये मजुरी घेतली आणि दोन तासांत काम उरकलं. चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले. आठवड्यात निम्मे गेले.

आधी वजनाचा हिशेब बघा. टँकचा तळ ९० बाय ३० सेंटिमीटर. चार सेंटिमीटरचा थर म्हणजे १०,८०० घन सेंटिमीटर, जवळपास ११ लिटर. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलो भरते, म्हणजे १६-१७ किलो पुरे. इथे ३० किलो लावली, तीही ओली. ओल्या वाळूत पाण्याचं वजन सहज दहा टक्के असतं आणि ते वाळूच्याच भावाने विकलं जातं. वाळू कोरडीच घ्या, समोर तोलून घ्या, बिलावर किलो लिहून घ्या.

दुसरी फसवणूक मालाची. ती पांढरी, चमकदार ‘वाळू’ म्हणजे संगमरवराचा चुरा होता. ओळखायला एक मिनिट लागतं: चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले की त्यात चुना आहे. संगमरवर, शिंपल्यांचा चुरा, खाडीची शिंपलेवाली रेती, सगळ्यांची हीच गत. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या जड पाण्यातल्या सिक्लिड माशांना असली वाळू चालते, टेट्रांना नाही. नेरुळला येणारं मोरबे धरणाचं पाणी मुळात पावसाचं, मृदू, त्यात चुना हळूहळू विरघळतो आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप, चढत जातो. रंगीत वाळू असेल तर मूठभर कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. पाण्याला रंग आला तर घेऊ नका. बांधकामाची क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, धारदार असते, ती कोरींना खड्यांइतकीच वाईट. खात्रीची वाळू म्हणजे स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये घालतात ती धुतलेली सिलिका, अर्धा ते एक मिलिमीटर दाण्याची.

पण मासे मेले ते एवढ्याने नव्हे. मुख्य नुकसान जुने खडे एका झटक्यात पोत्यात भरून नेल्यामुळे झालं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो पचवणारे जीवाणू खड्यांवर आणि फिल्टरमध्ये राहतात. या टँकला खड्यांखाली जाळीचा अंडरग्रॅव्हल फिल्टर होता, दुसरा नव्हता. वाळूखाली तो तुंबतो, म्हणून त्या माणसाने तोही काढला आणि शोभेचा लहान पॉवर फिल्टर लावून दिला. म्हणजे टँक एका दिवसात पुन्हा कोरा झाला, मासे मात्र सगळे आतच. त्यात पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. चुना आणि अमोनिया एकमेकांच्या जोडीने मारतात, हे इथे नेमकं झालं. तक्रार केल्यावर त्याने निळ्या औषधाची बाटली विकली. ते होतं मिथिलीन ब्लू, आणि ते उरल्यासुरल्या जीवाणूंनाही मारतं.

खरं काम असं होतं. अंडरग्रॅव्हल असेल तर चार-सहा आठवडे आधी स्पंज फिल्टर टँकमध्ये चालू ठेवायचा, म्हणजे त्यात जीवाणू वसतात. खडे आठवड्याला एक चतुर्थांश काढायचे, पाइपने सायफन करत, कारण तळाचा गाळ एकदम उसळला आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो वायू माशांना घातक असतो. काढलेले थोडे खडे नायलॉनच्या जाळीत बांधून महिनाभर टँकमध्येच लटकवायचे. फिल्टर त्या काळात धुवायचा नाही. धुवावाच लागला तर टँकच्या पाण्यात, नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्यात कधीच नाही. वाळू बादलीत पाणी निवळ येईपर्यंत धुवायची. मोठे दगड आधी काचेच्या तळावर बसवायचे, वाळू नंतर, नाहीतर मासे उकरतात आणि दगड कोसळतो. वाळू सोडताना पंप बंद, तळाशी बसल्यावरच चालू. नाहीतर दाणे पंपाच्या फिरत्या पात्यात (इंपेलरमध्ये) अडकून ते झिजतं. पंपाचं तोंड वाळूपासून पाच-सहा सेंटिमीटर वर हवं.

म्हणून कामाआधी त्या माणसाला एकच विचारा: जुने खडे कुठे ठेवणार? ‘फेकतो’ म्हणाला तर टँकला हात लावू देऊ नका.

हे आधीच घडलं असेल तर आज खाद्य बंद करा, एअर पंप जोरात सोडा, क्लोरीन काढलेल्या पाण्याने रोज चतुर्थांश पाणी बदला आणि अमोनियाची चाचणी करत राहा. ओळखीच्या निरोगी टँकमधला वापरलेला स्पंज मिळाला तर तो कुठल्याही बाटलीपेक्षा मोलाचा. चुन्याचा चुरा काढायचा तोही टप्प्याटप्प्याने. बिल आणि वाळूची पुडी जपून ठेवा. वजनातल्या लबाडीची तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे करता येते, मालाबद्दलची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर.