हरिहरेश्वर ते आंजर्ले, व्हाया वेळास: कासवं, होमस्टे आणि किनाऱ्यावरची पायपीट (रिव्ह्यू)

आधीच सांगून टाकते, कोकणातल्या वेळासला फक्त कासवाची पिल्लं बघायची, सेल्फी काढायचा आणि परत, असा प्लॅन असेल तर हिरमुसून यायची पूर्ण तयारी ठेवा, कारण पिल्लं काही आपल्या शनिवार-रविवारच्या सुट्ट्या बघून बाहेर येत नाहीत. पण दोन दिवस पायी फिरायची तयारी असेल, ओहोटी बघून निघणार असाल आणि सोबत गावातला माणूस घेणार असाल तर हा वीकेंड कुठल्याही रिसॉर्टपेक्षा भारी आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

रिव्ह्यू नक्की कशाचा, तर वेळास गावातल्या घरगुती राहण्या-जेवण्याचा, कासव महोत्सवाचा (पिल्लं समुद्रात सोडताना लोकांना दाखवतात तो) आणि आमच्या होमस्टेच्या काकूंनी ठरवून दिलेल्या वाटाड्या दादाचा. हा दादा सीझनमध्ये कासवमित्र म्हणून, म्हणजे कासवांची अंडी-पिल्लं सांभाळायला, किनाऱ्यावर असतो आणि उरलेल्या वेळात आमच्यासारख्यांना चालवतो. राहणं-जेवण माणशी हजार-बाराशेच्या घरात पडलं, दादाचे वेगळे. दर सीझनप्रमाणे बदलतात त्यामुळे फोन करून विचारा.

मी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, पिल्लं कधी दिसतील? तर दादा म्हणाला, "ताई, ते राहूद्या, तिथी कुठली धरताय ते सांगा आधी." कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. म्हणजे चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. थोडं मागे-पुढे होतं पण चालण्यापुरतं पुरतं. त्याने कालनिर्णय बघून आम्हाला पंचमी-षष्ठीचा शनिवार-रविवार दिला, म्हणजे दोन्ही दिवशी सकाळी दहा-अकराच्या सुमारास पाणी सगळ्यात लांब. अख्ख्या ट्रिपमध्ये जे काही दिसलं ते या एका हिशोबामुळे दिसलं, नाहीतर अर्धा रस्ता पाण्याखालीच असतो.

आदल्या रात्री हरिहरेश्वरला मुक्काम केला, कारण सकाळच्या ओहोटीला तिथली प्रदक्षिणा करायची होती. देवळं बघून लोक परत फिरतात आणि खरी मजा मागे राहते. काळभैरवाच्या देवळाकडून पायऱ्या चढायच्या, मग डोंगराच्या फटीतून खाली उतरायचं आणि थेट समुद्राच्या कातळावर. लाटांनी कापून काढलेला सपाट खडक, वरच्या भिंतीला खाऱ्या वाऱ्याने आणि पाण्याने पाडलेली भोकंच भोकं, अगदी मधाच्या पोळ्यासारखी. डबक्यांमध्ये वाकून बघा घाई न करता, आधी काहीच दिसत नाही आणि मग दोन मिनिटांनी शंख चालायला लागतो, म्हणजे आत हर्मिट खेकडा असतो, दगडाला चिकटलेलं फूल मिटतं, म्हणजे ते समुद्रफूल असतं, प्राणी आहे तो. खडकांना धारदार कालवं चिकटलेली असतात त्यामुळे अनवाणी जाऊ नका, भाविक जातात पण त्यांच्या पायांची सवय वेगळी. आणि भरती सुरू झाल्यावर इथे अजिबात उतरायचं नाही. लोक वाहून गेलेले आहेत इथे, पाट्याही आहेत, तरी पाठ समुद्राकडे करून फोटो काढणारे असतातच.

मग बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला. गाडीसकट पलीकडे, दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण वर डेकवर उभं राहा. सावित्रीची खाडी आहे ही. महाबळेश्वरला देवळात बारीक धार बघितलेली असते तीच ही सावित्री, आणि इथे पलीकडचा काठ धूसर दिसतो. बोटीमागे ब्राह्मणी घारी आणि कुरवांचा थवा. हे तपकिरी डोक्याचे कुरव उन्हाळ्यात हिमालयापलीकडे लडाख-तिबेटच्या तळ्यांवर जातात अंडी घालायला, आपल्याकडे फक्त थंडीपुरते. बाणकोटचा किल्ला वाटेतच आहे, जांभ्यात खोदलेला कोरडा खंदक आणि बुरुजावरून खाडीचं मुख आणि समोर हरिहरेश्वर. अर्धा तास पुरे. इंग्रजांनी 1755-56 च्या सुमारास घेतला आणि फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. इथून वेळासपर्यंत समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता मात्र गाडीतून वाया घालवू नका, एकाने गाडी पुढे न्यावी आणि बाकीच्यांनी चालावं, आम्ही तेच केलं (चिठ्ठ्या टाकून).

होमस्टे म्हणजे खरोखरच कोणाचं तरी घर, हे लक्षात घेऊन जा. पडवीत गाद्या, बाथरूम मागच्या अंगणात, गरम पाणी बंबातलं. एसी नाही, टीव्ही नाही, फोनची रेंज आंब्याच्या एका विशिष्ट झाडाखाली. आम्ही राहिलो तिथे जेवण शाकाहारीच होतं त्यामुळे मासे मासे करत जाणाऱ्यांनी आधी विचारून घ्या. पण काय जेवण! कुळथाचं पिठलं, भाकरी, फणसाची भाजी, सोलकढी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आत गरम घावन आणि चहा, कारण आम्हाला साडेसहाला किनाऱ्यावर पोचायचं होतं. काकू स्वतः साडेचारला उठलेल्या. बाय द वे हे नाना फडणवीसांचं गाव, ते काकू वाढता वाढता सांगतातच.

आता कासवं. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथे गावकऱ्यांना घेऊन संवर्धन सुरू केलं आणि 2006 पासून महोत्सव होतो. त्याआधी अंडी सरळ उकरून नेली जायची, माणसंही नेत आणि कोल्हे-कुत्रेही. आता कासवमित्र पहाटे अंधारात किनारा चालतात, मादीच्या वाळूतल्या खुणा शोधतात, अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात, खड्ड्यावर तारखेची पाटी आणि वर टोपली. साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर जास्त, हे मला आधी माहीत नव्हतं, आणि एकदा कळल्यावर मार्चमधल्या उन्हाकडे बघायची नजरच बदलते.

सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास टोपल्या उचलून बघतात. शनिवारी संध्याकाळी एक एक टोपली उचलली, प्रत्येकीखाली फक्त वाळू. बस. माझा अर्धा मार्क इथे गेला, आणि तो कासवांमुळे किंवा गाववाल्यांमुळे नाही, तर गर्दीमुळे. दोरीच्या पलीकडे शंभरएक माणसं, कोणाच्या तरी खांद्यावर स्पीकर, एक काका मोठ्याने "पैसे भरलेत आम्ही" म्हणून कासवमित्राशी भांडतायत. कसले पैसे भरलेत हो, कासवाला भरलेत का? तो पोरगा शांतपणे सगळ्यांना सांगत होता की उद्या सकाळी या, आणि अर्धी गर्दी त्याच रात्री निघून गेली.

रविवारी सकाळी तिसऱ्या की चौथ्या टोपलीखाली वाळू हलत होती. पिल्लं टोपलीत घेऊन पाण्यापासून थोडी अलीकडे सोडतात, हातात देत नाहीत, आणि तेच बरोबर आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला प्राणी आहे आणि वाळूवरून पाण्यापर्यंतचं चालणं त्याचं त्यालाच करू द्यायचं असतं. तळहातापेक्षा लहान, काळपट, एकजण सरळ, एकजण तिरका, एक उलटा पडून परत सुलटा झालेला. लाट आली की पुढे जायच्या ऐवजी मागे ढकलली जातात आणि परत चालू. सगळी पाण्यात जाईपर्यंत कोणी बोललं नाही, स्पीकरवाले गेलेलेच होते म्हणा. दादाने नंतर सांगितलं की 2022 मध्ये याच किनाऱ्यावर अंडी घातलेल्या मादीला सॅटेलाइट टॅग लावला होता, नाव ठेवलं प्रथमा. आणि 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला येऊन अंडी घालून गेली, म्हणजे पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि आपली वेगळी असं जे वाटायचं ते इतकं सरळ नाहीये.

खरी चाल त्यानंतरची, केळशी ते आंजर्ले. वेळासहून गाडीने केळशीला गेलो (रस्ता बराच फिरून जातो) आणि नऊच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या टेकडीपासून सुरुवात केली. या टेकडीवर डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी काम केलंय आणि तिच्यातले थर जुन्या त्सुनामीचे असावेत असं मांडलंय. 1524 मध्ये वास्को द गामाचा ताफा दाभोळजवळ असताना समुद्र हादरल्याची नोंद आहे त्याच्याशी ते हा संबंध जोडतात. समोर खाडीत पाणी उतरलं होतं आणि बायका गुडघाभर चिखलात मुळे (खायचे शिंपले) काढत होत्या, गप्पा इकडे, हात तिकडे, एकीचीही नजर खाली नाही, तरी पाटी भरत होती.

ओहोटीचा ओला किनारा म्हणजे काय असतं ते बघायचं असेल तर इथे बघा. वाळूवर लाखो बारीक बारीक गोळ्यांची नक्षी पसरलेली असते, ती रांगोळी काढणारे खेकडे नखाएवढे असतात. वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाण्यासारखं तेवढं ठेवतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. पाय टाकला की दहा फुटांवरचे सगळे बिळात, गप्प उभं राहिलं की परत सगळे बाहेर. आम्ही किती वेळ तिथे बसलो कोणास ठाऊक, दादा दोनदा म्हणाला पाणी चढंल हां. पुढे सँडरलिंगचा थवा लाटेच्या कडेने पळत होता, लाट आली की मागे, गेली की पुढे, सगळे एका तालात. हे पक्षी पार आर्क्टिकमधून येतात आणि आपण पुण्याहून आलो म्हणून दमलोय. सुरूच्या बनाकडच्या कोरड्या वाळूत कोल्ह्याचे ताजे ठसे होते, सरळ एका रेषेत, कुत्र्यासारखे भरकटलेले नाहीत, हा फरक दादाने दाखवला.

किनारा संपला की महालक्ष्मीच्या देवळाकडून उटंबरचा चढ. उन्हात घाम काढतो, पण आमच्या ट्रिपचं सगळ्यात मोठं सरप्राइज वरतीच होतं. समुद्रगरुड. पांढरं पोट, राखाडी पंख, आणि आम्ही उंचावर असल्यामुळे तो चक्क आमच्या डोळ्यांच्या पातळीवर आला, पायात काहीतरी लांब लोंबत होतं. मला वाटलं दोरी. दादा म्हणाला समुद्रसाप. दुर्बिणीतून बघितलं तर खरंच साप, शेपटी चपटी. हा गरुड मासे खातो तेवढेच साप आरामात खातो म्हणे. घरटं कुठे आहे ते दादाला माहीत होतं पण त्याने दाखवलं नाही, "तिकडं माणसं नेत नाही मी" एवढंच, आणि याच्यासाठी मी त्याला वेगळे मार्क देईन. खाली पाण्यात डॉल्फिनच्या दोन-तीन पाठी वर आल्या आणि गेल्या, कोणाच्याही फोनमध्ये आल्या नाहीत. हर्णैला बोटवाले डॉल्फिनच्या मागे बोटी पळवतात त्यापेक्षा हे वरून बघणं शंभर पटीने बरं.

आडे-पाडलेचा भाग शांत आहे, भार्गवरामाच्या देवळात पाणी प्यायलो, सावलीत पाठ टेकली. आडे ते आंजर्ले मात्र दुपारचं ऊन लागतं आणि मऊ वाळूत पाय रुततात, हा टप्पा मला कंटाळवाणा वाटला, खरं सांगते. आंजर्ल्याला पोचल्यावर कड्यावरच्या गणपतीला चढून जायचं त्राण उरलं असेल तर जा, उजव्या सोंडेचा गणपती आहे आणि वरून सुवर्णदुर्ग दिसतो. त्राण नसेल तर खाली कोकम सरबत आहेच.

दादाबद्दल एकच तक्रार, तो सांगायचं विसरतो की त्याचं "आलंच आता" म्हणजे कमीत कमी पाऊण तास.

काय घालून जायचं: मागे पट्टा असलेल्या रबरी सोलच्या सँडल, ओल्या झाल्या तरी चालतील अशा. शूज नकोत, वाळूने भरतात. टोपी, माणशी दोन-तीन लिटर पाणी, दुर्बीण असेल तर हवीच, आणि रात्री किनाऱ्यावर टॉर्च-फ्लॅश बंद, मादी उजेड बघून परत फिरते. शंख-शिंपले घरी आणू नका, आतमध्ये भाडेकरू असतो बऱ्याचदा. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चअखेरपर्यंत बरं पडतं, बुकिंग महिनाभर आधी करा आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार. पेट्रोल आणि कॅश मंडणगडलाच. आणि आंजर्ल्याहून केळशीला गाडीपाशी परत यायची रिक्षा आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, कारण दुपारी दोन वाजता तिथे रिक्षावाले जेवून झोपलेले असतात आणि त्यांना उठवायची हिंमत आमच्यात तरी नव्हती.